साबणावरची तुळस

बेल वाजली तेव्हा माझ्या हातांत रबरी मोजे होते, आणि दारात अंबूताई. त्यांनी चप्पल काढली नाही. अठरा वर्षांत म्हैसूरच्या ह्या हिनकलमधल्या घरी अंबूताई आल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, असं एकदाही झालं नव्हतं. त्यांचं बोलणं चप्पल काढता काढताच सुरू व्हायचं. बसमध्ये कोण भेटलं, कंडक्टरनं कशी सुट्ट्या पैशांवरून कटकट केली, कुणाचा ब्लाउज उसवून परत आला. आज नुसत्या उभ्या. पिशवीतून रुमाल काढला, रुमालात माझा साबण. दिवाळीला मीच दिलेला. आठ दिवसांत झिजून मधोमध खोलगट झालेला, आणि त्या खोलगट जागेतून बोटभर डाळिंबी दोरा बाहेर आलेला. दोऱ्याला गाठ. ''हा दोरा माझा की नै, कांचना?'' मी म्हटलं, ''आत तरी या.'' ''बेडा. नको मला आत यायला. दोरा माझा की नै, तेवढं सांग.'' मी मान हलवली. त्यांनी साबण परत रुमालात बांधला, चारी कोपरे जुळवून, नीट, शिवणकाम करणाऱ्या बाईला कापड वाकडं दुमडताच येत नाही. आणि लिफ्ट समोर असून जिन्यानं उतरून गेल्या. मी हात वर धरून तशीच उभी. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? सांगते, लाज सोडून सांगते. ओट्यावरचं मिश्रण आळलं असेल, हा.

साबणाचं तसंच असतं, तो कुणासाठी थांबत नाही. कॉस्टिकचं पाणी तेलात गेलं, घुसळणी फिरली, की आधी ते कढीसारखं असतं, मग पिठल्यासारखं होतं, मग श्रीखंडासारखं. वरची सजावट लावायची ती पिठलं आणि श्रीखंड यांच्या मधल्या दोन-चार मिनिटांत. कढीत टाकलीत तर बुडते. श्रीखंड होऊन वर साय धरली की काही म्हणजे काही चिकटत नाही. नुसतं ठेवल्यासारखं बसतं, सहा आठवडे वाळेपर्यंत शहाण्यासारखं राहतं, आणि गिऱ्हाइकानं साबण हातात घेतला की घरंगळून त्याच्या मांडीवर. हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी साबणाच्या वाटेला गेलेच नसते. पण गेले. आभा शिकायला बाहेर गेली, उपेंद्रला कंपनीत बढती मिळाली आणि तो घरात असूनही नसायला लागला, आणि मला काहीतरी माझं हवं होतं. 'उपेंद्रची मिसेस' हे नाव अठरा वर्षं ऐकून माझे कान किटले होते. तो मला हसायचा. वरच्या सजावटीला तो 'कोथिंबीर' म्हणायचा. ''काय गं, आज कोथिंबीर टिकली का?'' जाता जाता, बुटाची नाडी बांधता बांधता. एकदा म्हणाला, डिंक लावून बघ. म्हणजे मी काही पत्रिका चिकटवतेय!

गोकुलम भागात सिंचना नावाची मुलगी आहे, तिचं दुकान आहे. योग शिकायला आलेले गोरे तिथे येतात आणि तांब्याची बाटली, चटई, उदबत्ती असलं घेऊन जातात. तिनं माझे साबण ठेवायचं कबूल केलं तो दिवस मला अजून आठवतो, मी रिक्षा न करता चालत घरी आले होते. आणि महिन्याभरानं तिचाच फोन. ''मॅडम, टॉपिंग सगळं पडतंय. शेल्फवर नुसता कचरा. आणि ते रोज पेटल्स ब्राऊन झालेत, उंदराचं काहीतरी वाटतंय, सॉरी हां मॅडम.'' सॉरी कशाला, खरंच तसं दिसत होतं. गुलाबाची पाकळी साबणात तपकिरी पडते, कॉस्टिकमुळे. मोगरा वाळवून लावला तर काळा. आमच्या इथल्या मोगऱ्याचं एवढं कौतुक, तो साबणावर जळलेल्या कांद्यासारखा दिसला. खसखस टिकते, पण खसखस दिसते काय! लवंग लावली तर अंगाला ओरखडे. ओट्स लावले, ते सुंदर चिकटले. उपेंद्र म्हणाला, नाश्ता की काय. मी वहीत लिहून ठेवायची, किती मिनिटांनी लावलं, बोटानं किती दाबलं, वर स्पिरिट फवारलं की नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात. एवढ्याशा गोष्टीत एवढा जीव अडकवायचा नसतो हे मलाही कळत होतं, पण ज्यात अडकवायचा ती मोठी गोष्ट आणायची कुठून?

तुळस मला सहज सुचली. बाल्कनीतल्या कुंडीतल्या वाळक्या मंजिऱ्या मी खुडून टाकत होते आणि बोटांना त्यांचं ते खरखरीत लागलं. मंजिरी म्हणजे एका काडीवर बारीक वाट्या-वाट्या असतात; त्या वाट्यांत साबण शिरला आणि आळला, की मग ओढूनही निघत नाही. आणि रंगाची चिंताच नाही, ती आधीच तपकिरी. पहिल्या लादीवर लावली. दुसऱ्या दिवशी लादी आडवी करून कापली, कारण उभी कापली की सुरी वरची सजावट खाली ओढत नेते आणि कापाभर ओरखडे पडतात. आडवी कापल्यावर एकेक वडी हातात घेतली आणि चक्क झटकली. एक कण पडला नाही. मी एकटी स्वयंपाकघरात हसले. तुळस, शिवाय नावातच सगळं आलं, सिंचना तर फोनवर किंचाळलीच. ''मॅडम, हे सुपर!'' तिनं दिवाळीपर्यंत जेवढे होतील तेवढे मागितले. आणि माझ्याकडे कुंडी एक.

अंबूताईंना मी तो पहिला साबण दाखवला होता. शिवरामपेठेत त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान, त्यांच्या सासऱ्यांपासूनचं. त्यांचं मराठी घरातलं, जुनं, आणि त्यात कन्नड असं शिरलेलं की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही बाई माझी थट्टा करतेय असं वाटलं. मी नुकतीच सांगलीहून आलेली, आभा तीन वर्षांची, कन्नडचा गंध नाही. दुकानात खुणा करत होते, तर ह्या म्हणाल्या, ''मराठी बोल की ग, सुम्ने, उगीच हात कशाला हलवतीस?'' त्या दिवसापासून मी त्यांना चिकटले ती चिकटले. बाबा गेल्याचा फोन आला तोही मी त्यांच्या दुकानात असतानाच. उपेंद्र परदेशी. अंबूताईंनी हातातलं काम ठेवलं, शटर ओढलं आणि माझ्याबरोबर थेट सांगलीपर्यंत आल्या. हुबळी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बोटात अंगुस्तान तसंच आहे. तेरा दिवस राहिल्या, माझ्या आईच्या घरी, एका साडीवर. माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नाही ते. तर साबण त्यांनी हुंगला, मंजिरीवर बोट फिरवलं. ''ही वाहिलेली नै ना?'' मी म्हटलं, ''नाही हो, बाल्कनीतली.'' ''मग चालतंय. तशी तुळस औषधच, काढ्यात घालतो की आपण. देवाला वाहिली की मग ती आपली नै. अंगाला लावायची नै, पायाखाली यायची नै, मोरीत जायची नै.'' त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, मला शब्द न् शब्द कळला. मला माहीत नव्हतं असं मी कुणापुढेही म्हणू शकत नाही, हे इथेच सांगून ठेवते.

त्यांच्या विठोबाच्या देवळात हाराची सेवा अंबूताईंची. चाळीस वर्षं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूनं सुई हातात दिली म्हणे. बुधवारी आणि एकादशीला देवाच्या गळ्यात पडायचा तो तुळशीचा हार त्यांच्याच हातचा. इथे सगळे केळीच्या सोपटानं हार बांधतात. ह्या दुकानातल्या उरलेल्या रिळांचा दोरा वापरायच्या, सोपट कुजतं म्हणून. कधी डाळिंबी, कधी मोरपंखी, ज्या रंगाचे ब्लाउज त्या आठवड्यात झाले असतील तो. देवाला गावातल्या बायकांचे रंग कळत असतील, असं मी एकदा म्हटलं तर खूप हसल्या होत्या. उतरवलेले हार देवळाच्या मागच्या पडवीत टोपलीत साठायचे, आणि टोपली भरली की त्या रिक्षानं श्रीरंगपट्टणला नेऊन नदीत सोडायच्या. ह्या श्रावणात त्यांचे गुडघे फार दुखत होते. मी टोपलीजवळ उभी होते. टोपलीत मंजिऱ्याच मंजिऱ्या, सावलीत वाळलेल्या, कोरड्या ठणठणीत, एवढ्या की माझ्या शंभर लाद्यांना पुरतील. मी म्हणाले, ''अंबूताई, नदीपर्यंत कुठे जाता ह्या गुडघ्यांनी? माझ्याकडे द्या, मी माझ्या कुंड्यांत घालते.'' त्यांचा चेहरा असा उजळला! ''ऐय्यो, बरं झालं की ग. तुझ्या झाडाच्या मुळाशी जाईल. त्याहून काय चांगलं?'' आणि पिशवी त्यांनी स्वतः भरून दिली. वरून दाबून दाबून, जास्त मावावं म्हणून.

पहिली पिशवी मी खरोखरच कुंड्यांत घातली. अर्धी. हे अर्धं मी गेले तीन दिवस स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतेय, जणू त्यानं काही होणार आहे. उरलेली अर्धी वर्तमानपत्रावर पसरली आणि चिमट्यानं एकेक दोरा काढत बसले. त्यांची गाठ छोटी, घट्ट, दोन वेढ्यांची. नखानं सुटत नाही, कात्रीनंच तोडावी लागते. तोडताना मला काहीच वाटलं नाही का? वाटलं. मग मी स्वतःला समजावलं. कुंडीत गेलं काय, साबणात गेलं काय, शेवटी मातीच. मी काही देव-देव करणारी नाही. आमच्या घरी गणपतीसुद्धा उपेंद्रची आई आली तर बसतो. वाळलेलं पान ते वाळलेलं पान. इतकं सगळं मला पटलेलं होतं. मग मी खोटं का बोलले? न मानणाऱ्या बाईला खोटं बोलायची गरज काय पडली? सरळ म्हणायचं होतं, अंबूताई, मला साबणाला हवंय. त्या 'बेडा' म्हणाल्या असत्या, आणि मी दुसरं काही शोधलं असतं. पण मला दुसरं काही नको होतं. मला टिकणारं मिळालं होतं. मग दुसरी पिशवी, तिसरी पिशवी. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, ''झाडं कशी आहेत?'' आणि मी म्हणायची, ''मस्त.'' आश्विनात सिंचनाच्या दुकानाच्या खिडकीत माझे साबण ओळीनं लागले, खाली पाटी, 'मेड बाय कांचन'. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होते. कुणी गोरी पोरगी तो नाकाला लावत होती, आणि काहीही पडत नव्हतं.

आणि एवढं करून मी अंबूताईंना तोच साबण दिला! हा मूर्खपणा कशानं झाला? बाजारातलं काही देता आलं असतं, साडी देता आली असती. पण दरवर्षी पहिल्या आंघोळीला त्यांना माझ्याच हातचा साबण, हे ठरलेलं. न देते तर त्यांनी विचारलं असतं. शिवाय मला त्यांनी वाहवा करायला हवी होती, हेही खरं. लादीतली सगळ्यात देखणी वडी निवडून दिली, जिच्यावर मंजिरी अगदी रांगेत बसली होती. घाईत एक दोरा मिश्रणात गेला होता, तो नेमका त्या वडीच्या पोटात. दिवाळीच्या सकाळी त्यांचा फोन आला होता, ''काय वास ग, कांचना! आणि ते वरचं निघत नै बघ, घासलं तरी. तू जिंकलीस की!'' नंतरचे आठ दिवस त्या रोज त्यानं आंघोळ करत होत्या. ज्या तुळशीला त्यांनी पहाटे न्हाऊन, ओल्या केसांनी, तोंडातून शब्द न काढता देवासाठी ओवलं, ती त्यांच्या काखेला, पायाला, टाचेच्या भेगांना. आणि मोरीच्या जाळीवर साठलेला तो तपकिरी चुरा त्यांनीच खराट्यानं लोटला असणार. आठव्या दिवशी बोटाला आपलाच दोरा लागला. तेव्हा त्या मोरीत तशाच ओल्या उभ्या असतील, हातात तो साबण घेऊन. हे चित्र मला पुसता येत नाही. मी मोठ्यानं बोलते, मिक्सर लावते, टीव्ही लावते, तरी ते जात नाही.

उपेंद्रला सांगितलं. त्यानं लॅपटॉप अर्धा मिटला, म्हणजे ऐकतोय. ''अगं, कंपोस्ट काय नि साबण काय. बायोडिग्रेडेबल तर आहे सगळं. मिठाई घेऊन जा, सॉरी म्हण, विषय संपला.'' मला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्याबरोबर त्याचा इतका संताप आला की मी पेला आपटला. तो म्हणाला, ''तुला काय पाहिजे ते तरी सांग, बाई.'' मला काय पाहिजे होतं? अंबूताईंनी मला चार शिव्या द्याव्यात. दुकानात गेले तर शटर बंद. फोन केला तर रिंग जाते. मेसेज त्या वाचत नाहीत, त्यांना येत नाही. म्हैसूरसारख्या शहरात, जिथे मी अठरा वर्षं राहतेय, जिथे मला भाजीवालीशी भांडण्यापुरतं कन्नड येतं आणि महाराष्ट्र मंडळाच्या बायका तेवढ्या हळदीकुंकवाला बोलावतात, तिथे न विचारता ज्या घरात शिरावं असं माझं एकच घर होतं. ते आता राहिलं की गेलं, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि ते कळायचा एकच रस्ता होता, देवळात जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं: मी खोटं बोलून नेलं, ह्यांना ठाऊक नव्हतं. मग त्या मला माफ करोत न करोत. सिंचनाकडून उरलेले साबण मी काल परत आणले. तिला काही कळलं नाही. ते खोक्यात भरून बेडखाली ठेवलेत. त्यांचं करायचं काय, तेही कळत नाही. नदीत सोडावेत तर साबण, कचऱ्यात टाकावेत तर तुळस.

आज कार्तिकी एकादशी. देवळात गर्दी होती, बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला, भजन चाललेलं. मी आधी देवाकडे पाहिलं, मला पाहायचं नव्हतं तरी. गळ्यात हार होता, जाडजूड, मार्केटमधून आणलेला, मध्ये मध्ये पिवळी शेवंती घातलेला. गळ्याशी केळीचं ओलं सोपट लोंबत होतं. दोरा कुठेच नव्हता. खांबाशी दामोदरराव उभे होते, देवळाचा कारभार तेच बघतात, रिटायर झाल्यापासून. मी घरून वाक्य पाठ करून आले होते. म्हटलं, ''दामोदरराव, मला त्या तुळशीबद्दल बोलायचं होतं.'' त्यांनी लगेच हात वर केला. ''गोत्तु, गोत्तु. सगळं कळलंय. अंबूताईंनी स्वतःच येऊन सांगितलं, कमिटीसमोर. निर्माल्य मीच दिलं म्हणाल्या, साबणाला पाहिजे हे माहीत असून दिलं. त्या कांचनला मी सांगितलंच नै देवाचं आहे म्हणून, ती बाहेरची, तिला काय ठाऊक.'' दामोदरराव थांबले नाहीत. ''चाळीस वर्षं सेवा केली, मत्ते, मग असली बुद्धी का सुचली देव जाणे. आता काय करणार? हार बंद केला त्यांचा. आम्हालाही वाईट वाटलं. पण नियम तो नियम.'' मग आवाज मऊ करून, अगदी मायेनं म्हणाले, ''तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचीच फसवणूक झाली. तुम्हाला ठाऊक नव्हतं ना, अल्वा?''

माझं वाक्य माझ्या जिभेवर होतं. चार-पाच शब्दांचं. अंबूताई पाच हातांवर बसल्या होत्या, सतरंजीच्या कडेला, पाठ भिंतीला. त्या भजन म्हणत नव्हत्या, टाळ्या तेवढ्या वाजवत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. दामोदररावांचा आवाज मोठा. त्यांनी हे माझ्यासाठी केलं असेल का? मला तसं वाटत नाही, आणि कुणी तसं वाटून घेऊही नये. देवाचं चोरीला गेलं हे त्यांना सहन होत नव्हतं. स्वतःच्या हातानं दिलं म्हटलं की निदान चोरी झाली नाही. त्यात मी कुठेच नव्हते. मला त्यात असायला हवं होतं, निदान माझी चोरी तरी माझी राहायला हवी होती. आणि त्याच क्षणी, दामोदरराव वाकून माझ्या उत्तराची वाट बघत असताना, मला सांगायला सोपं झालं असतं, एवढं सोपं पुन्हा कधी होणार नव्हतं.

''नाही,'' मी म्हणाले. ''मला ठाऊक नव्हतं.''

आणि मला हलकं वाटलं. खरंच वाटलं, सगळ्या अंगातून, ताप उतरावा तसं. दामोदररावांनी माझ्या हातावर तीर्थ दिलं, मी ते प्यायले, हात डोक्याला पुसला. अंबूताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कशानंच नाही. दुकानात नवीन बाई आली की बघतात तसं. मग त्या थोड्या सरकल्या आणि हातानं सतरंजी थोपटली. ''बसा मॅडम, जागा आहे,'' त्या म्हणाल्या. मी बसले. आमचे खांदे एकमेकींना लागत होते. भजन दुसऱ्या कडव्यावर गेलं होतं, मला शब्द येत नव्हते, म्हणून मी टाळ्या वाजवायला लागले.